बोगदा आला, पण बोट गेली नाही : इंग्लिश खाडी आणि ‘विरुद्ध’ या शब्दाची गोष्ट

संशोधनाचा प्रश्न कसा ठरवायचा, हे पेटची नाहीतर नेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात. त्यावर नियम सांगत बसण्यापेक्षा एक विषय हातात घेऊन तो उलटसुलट करून बघू या. विषय माझ्या प्रबंधाच्या शेजारचा आहे, म्हणजे वाहतुकीच्या इतिहासातला. एका देशातून समुद्रापलीकडच्या दुसऱ्या देशात जायचं तर समुद्राखालचा बोगदा बरा की फेरीबोट?

यासाठी इंग्लिश खाडीइतकं चांगलं उदाहरण नाही. इंग्लिश खाडी म्हटलं की आपल्याला आधी पोहणारे आठवतात, १९५८ साली मिहिर सेन आणि १९५९ साली आरती साहा. ब्रिटनमधलं डोव्हर आणि फ्रान्समधलं कॅले यांच्यामध्ये खाडी सगळ्यात अरुंद आहे, साधारण ३३ किलोमीटर. म्हणजे सीएसएमटी ते ठाणे एवढंच अंतर. पोहणारे सोडले तर बाकीची माणसं आणि माल तिथून एक तर बोटीने जातात किंवा बोगद्यातून.

आता समजा, तुम्ही सिनॉप्सिसवर शीर्षक टाकलंत : ‘समुद्राखालील बोगदा विरुद्ध फेरीबोट : एक तुलनात्मक अभ्यास’. ऐकायला छान आहे. तक्ताही लगेच तयार होतो. बोगद्यातून शटल गाडीने ३५ मिनिटं, बोटीने साधारण दीड तास. बोट वादळात अडकते, बोगद्याला वादळाचं काही नाही. निष्कर्षही आधीच ठरलेला असतो, की नवं तंत्रज्ञान आलं आणि जुनं मागे पडलं. घोडं अडतं ते इथेच. बोगदा ६ मे १९९४ ला समारंभाने खुला झाला. त्याला तीस वर्षं होऊन गेली, तरी डोव्हरच्या धक्क्यावरून दिवसरात्र बोटी सुटतायत. शीर्षकात दडलेला निष्कर्षच खरा नाही. मग शीर्षकाचं काय करायचं?

जरा मागून सुरुवात करू.

खाडीखालून रस्ता काढायची कल्पना बोगद्यापेक्षा जवळजवळ दोनशे वर्षं जुनी आहे. १८०२ साली आल्बेर माथ्यू या फ्रेंच खाण-अभियंत्याने आराखडा मांडला : तेलाच्या दिव्यांनी उजळलेला बोगदा, त्यातून धावणाऱ्या घोडागाड्या आणि मध्ये घोडे बदलायला एक कृत्रिम बेट. त्यानंतरचा माणूस तर विलक्षणच होता. तोमे द गामों हा फ्रेंच अभियंता. समुद्राचा तळ कसला आहे हे कळायला हवं म्हणून त्याने १८५५ साली अंगाला गारगोट्यांच्या पिशव्या बांधून खाडीत बुड्या मारल्या आणि तळाच्या मातीचे नमुने वर आणले. एका बुडीत मोठ्या वाम माशांनी चावे घेतल्याचं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. पोशाख नाही, हवेची नळी नाही. संशोधनात ‘फील्डवर्क’ म्हणजे काय, हे या गृहस्थाकडून शिकावं. (अनुकरण करू नये.)

त्या काळात बोटीने जाणं म्हणजे काय होतं, हेही बघायला हवं. आगबोटी आल्या होत्या, पण छोट्या. खाडीतल्या आखूड लाटांवर माणसं ओकून ओकून बेजार होत. पोलाद बनवायच्या पद्धतीसाठी ज्याचं नाव आपण शाळेत वाचतो, त्या हेन्री बेसेमरला बोट इतकी लागायची की त्याने वेगळीच बोट काढली. बोट कितीही हलली तरी आतला दिवाणखाना यंत्राच्या जोरावर स्थिर राहील, अशी रचना. १८७५ साली ही ‘बेसेमर’ बोट लोकांना घेऊन निघाली आणि कॅलेच्या धक्क्यावरच जाऊन आदळली. कंपनी बुडाली. गंमत बाजूला ठेवा, पण मुद्दा टिपून ठेवा : बोगद्याचं स्वप्न बघणारे आणि बोट सुधारू बघणारे एकाच काळात, एकाच त्रासावर उत्तर शोधत होते. बोट म्हणजे ‘जुनं’ असं तेव्हा कुणीच मानत नव्हतं.

मग १८८०चं दशक येतं, आणि या विषयाचा सगळ्यात शिकण्यासारखा भाग सुरू होतो. सर एडवर्ड वॉटकिन हे ब्रिटिश रेल्वे कंपन्यांचे अध्यक्ष आणि खासदार. मँचेस्टरहून निघालेली गाडी थेट पॅरिसला न्यायची, हा त्यांचा ध्यास. डोव्हरजवळ शेक्सपिअर क्लिफच्या पायथ्याशी त्यांनी खोदाई सुरू केली, आणि पलीकडे सांगात या गावी फ्रेंचांनी. खडूचा खडक मऊ, पाणी फारसं न झिरपणारा. बोमाँट यांच्या नावाने ओळखलं जाणारं खोदयंत्र तो सहज कापत गेलं. १८८२-८३ पर्यंत ब्रिटिश बाजूने १,८०० मीटरच्या वर आणि फ्रेंच बाजूने १,६०० मीटरच्या वर बोगदा तयार होता. वॉटकिन बड्या पाहुण्यांना खाली नेऊन विजेच्या दिव्यांत मेजवान्या देत. प्रिन्स ऑफ वेल्सही जाऊन आले.

आणि काम थांबलं. खडक कोसळला नाही, पैसे संपले नाहीत, बोट कंपन्यांनी हरवलं असंही नाही. थांबवलं ते लष्कराने आणि जनमताने. १८५७ साली लखनौच्या लढाईत असलेले सर गार्नेट वूल्झली तोवर ब्रिटिश सैन्यातले मोठे सेनानी झाले होते. त्यांचं म्हणणं असं : प्रवाशांच्या वेशातले फ्रेंच सैनिक रात्रीच्या गाडीने येतील, डोव्हरचं तोंड ताब्यात घेतील आणि मागून फौज येत राहील. एका मासिकाने बोगद्याविरुद्ध निवेदन काढलं. त्यावर कवी टेनिसन आणि ब्राउनिंग यांच्या सह्या होत्या, वैज्ञानिक हक्सलींचीही होती. सरकारने १८८२ मध्ये खोदाई बंद करायला लावली. १८८३ साली संसदेच्या दोन्ही सभागृहांची मिळून एक समिती बसली. अध्यक्ष लॉर्ड लॅन्सडाउन, जे पुढे हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. ते स्वतः बोगद्याच्या बाजूने होते, पण समितीने सहाविरुद्ध चार मतांनी नकार दिला.

आता संशोधक म्हणून विचार करा. समजा, तुम्ही या बोगद्यावर फक्त अभियांत्रिकीची नियतकालिकं वाचलीत. तुम्हाला सगळीकडे यशच दिसेल : यंत्र चालतंय, खडक चांगला आहे, इतके मीटर झाले. मग अचानक काहीच नाही. कारण शोधायला तुम्हाला संसदेची कागदपत्रं, वर्तमानपत्रं आणि लष्करी टिपणं उघडावी लागतील. उलट फक्त संसदेची कागदपत्रं वाचलीत तर वाटेल की सगळा मामला भीतीचाच होता, आणि तंत्र तयार होतं हे ध्यानातच येणार नाही. म्हणून ‘साधनं कोणती?’ हा सिनॉप्सिसमधला रकाना शेवटच्या रात्री भरायचा नसतो. साधनं बदलली की तुम्हाला सांगायची गोष्टच बदलते.

विसाव्या शतकात बोटीने काय केलं, ते आता थोडं भरभर बघू. १९२८ साली कॅप्टन टाउनसेंड नावाच्या माणसाने एक छोटं मालवाहू जहाज भाड्याने घेऊन त्यातून मोटारी न्यायला सुरुवात केली. मोटार क्रेनने उचलून आत ठेवायची. १९३६ साली ‘नाइट फेरी’ सुरू झाली. लंडनला शयनयान डब्यात झोपायचं, डोव्हरला तो डबाच बोटीच्या पोटात ढकलून साखळदंडांनी बांधायचा आणि सकाळी पॅरिसला जागं व्हायचं. १९८० पर्यंत ही सेवा चालली. आता सांगा, ही बोट की रेल्वे? १९५३ साली डोव्हरला नवे धक्के झाले आणि मोटारी स्वतः चालत बोटीत शिरू लागल्या. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी घालून गेला असाल तर ही पद्धत तुम्हाला माहीत आहे : एका तोंडाने आत, दुसऱ्या तोंडाने बाहेर, मध्ये आडव्या भिंती नाहीत. सोय मोठी. पण त्या मोकळ्या डेकवर पाणी शिरलं तर अडवायलाही काही नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बोगदा १९७३ मध्ये पुन्हा कागदावर आला, खोदाईही सुरू झाली आणि जानेवारी १९७५ मध्ये ब्रिटिश सरकारने खर्चाच्या कारणावरून हात झटकले. तिसरा प्रयत्न यशस्वी झाला. २० जानेवारी १९८६ ला मार्गारेट थॅचर आणि फ्रान्सचे अध्यक्ष फ्रांस्वा मितराँ यांनी लील शहरात निर्णय जाहीर केला, फेब्रुवारीत कँटरबरीला करार झाला. थॅचरबाईंची अट एकच : सरकारचा पैसा नाही, हमीसुद्धा नाही. सगळं खासगी भांडवलावर. बोट कंपन्या आणि बंदरवाल्यांनी ‘फ्लेक्सिलिंक’ नावाची आघाडी काढून विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की बोटी लागतील तशा वाढवता-कमी करता येतात, बोगदा एकदा खोदला की खोदला. स्वार्थ होताच, पण मुद्दा चुकीचा नव्हता. पुढे आकडे बघाल तेव्हा पटेल.

यानंतरच्या वर्षी जे झालं, तिथे मात्र सावकाश जायला हवं.

६ मार्च १९८७. बेल्जियमच्या झीब्रुगे बंदरातून ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही फेरीबोट डोव्हरला निघाली. बोट मुळात डोव्हर-कॅले मार्गासाठी बांधलेली. झीब्रुगेचा उतार तिच्या मापाचा नव्हता, म्हणून टाक्यांत पाणी भरून तिचं नाक खाली करावं लागे. त्या संध्याकाळी बोट निघाली तेव्हा पुढचे दरवाजे उघडेच होते. दरवाजा बंद करायचं काम ज्याच्याकडे होतं, तो खलाशी आपल्या खोलीत झोपला होता. ज्या अधिकाऱ्याने खात्री करायची, तो निघायच्या घाईत आपल्या दुसऱ्या जागेवर गेला. कप्तानाला वरून दरवाजे दिसत नव्हते. वेग वाढला तसं पाणी मोटारींच्या डेकवर शिरलं आणि दोन मिनिटांच्या आत बोट कलंडली. १९३ माणसं गेली.

पहिल्या दिवशीचा मथळा तुम्ही कल्पू शकता : झोपलेला खलाशी. पण न्यायमूर्ती शीन यांची चौकशी तिथे थांबली नाही. त्यांनी कंपनीची अंतर्गत पत्रंही तपासली. दरवाजे बंद आहेत की नाहीत हे दाखवणारा दिवा ब्रिजवर बसवा, अशी मागणी बोटींच्या कप्तानांनी आधीच केली होती. कार्यालयातल्या वरिष्ठांनी ती थट्टेवारी नेली होती. एक दिवा! हलगर्जीपणाचा रोग कंपनीत वरपासून खालपर्यंत पसरलेला होता, असा निष्कर्ष शीन यांनी काढला. पुढे कंपनीवर मनुष्यवधाचा खटला भरला गेला, तो १९९० मध्ये कोसळला. कारण तेव्हाच्या इंग्लिश कायद्यात ‘कंपनी’ला दोषी धरायचं तर वरचा एखादा ठरावीक माणूस स्वतः दोषी आहे, असं दाखवावं लागे.

मी हा अहवाल संशोधनाच्या पहिल्याच वर्षी वाचा म्हणून सांगते, विषय तुमचा कुठलाही असो. एखादी घटना एका माणसावर ढकलणं किती सोपं असतं, आणि कार्यालयातली जुनी पत्रं काढली की खापर कसं जागा बदलतं, हे त्यात दिसतं.

आता एक मोह. हेराल्ड बुडाली मार्चमध्ये, आणि बोगद्याच्या कंपनीचे, म्हणजे युरोटनेलचे, शेअर बाजारात आले नोव्हेंबर १९८७ मध्ये. लिहून टाकावंसं वाटतं : ‘या दुर्घटनेमुळे लोकांचा बोटींवरचा विश्वास उडाला आणि बोगद्याचा मार्ग मोकळा झाला.’ वाक्य झकास आहे. पण निर्णय आणि करार दोन्ही १९८६ च्या सुरुवातीला झाले होते. कारण आणि परिणाम यांचा क्रम उलटा लागतोय. सनावळी रटाळ वाटते खरी, पण अशा वेळी तीच आपला हात धरते.

सुरक्षिततेची तुलना करायला निघालात तर आणखी एक गोष्ट. बोगद्यात १९९६ आणि २००८ साली ट्रक नेणाऱ्या गाड्यांना मोठ्या आगी लागल्या. एकही मृत्यू झाला नाही. कारण तिथे खरं तर तीन बोगदे आहेत : दोन रेल्वेचे आणि मधला एक सेवेचा. मधल्या बोगद्यातल्या हवेचा दाब जास्त ठेवतात, म्हणजे धूर तिकडे शिरत नाही आणि माणसं तिथून बाहेर पडू शकतात. प्रवाशांच्या बाबतीत बोगद्याची बाजू भक्कमच आहे. पण तो खोदताना दहा कामगार मेले, बहुतेक ब्रिटिश बाजूचे. तुमच्या तक्त्यात हे दहा जण कुठल्या रकान्यात बसवाल? ‘प्रवास-सुरक्षितता’ असं रकान्याचं नाव ठेवलंत की ते आपोआप बाहेर पडतात. वर्गवारी ठरवतानाच आपण कोणाला मोजायचं ते ठरवत असतो.

बोगदा झाला. ५० किलोमीटरहून थोडा लांब, त्यातले जवळपास ३८ किलोमीटर समुद्राखाली. १ डिसेंबर १९९० ला दोन्हीकडचे कामगार मधल्या बोगद्यात एकमेकांना भेटले, तो हस्तांदोलनाचा फोटो तुम्ही पाहिला असेल. बांधकामाचा खर्च अंदाजापेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी वाढला. त्याहून मोठा घोटाळा झाला प्रवाशांच्या अंदाजात. युरोस्टार गाड्यांना पहिल्या वर्षी १ कोटी ५९ लाख प्रवासी मिळतील असं धरलं होतं. १९९५ मध्ये मिळाले २९ लाख.

इतका फरक का पडला? एक कारण, एकूण प्रवासीच वाढवून धरले होते. दुसरं कारण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं आहे : बोटी गुपचूप मरून जातील असं गृहीत धरलं होतं. बोटींनी तसं काही केलं नाही. मोठ्या बोटी आणल्या, तिकिटं पाडली. १९९८ मध्ये पी अँड ओ आणि स्टेना या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या खाडीवर एकत्रही आल्या. त्यातून करमुक्त दारू आणि सिगारेट हा मोठा आधार होता. कित्येक इंग्रज माणसं फ्रान्स बघायला नाही तर बाटल्या आणायला बोटीत बसत. १९९९ च्या मध्याला युरोपीय संघाने देशांतर्गत प्रवासासारखंच हे धरून ती करमुक्त विक्री बंद केली. तोवर बोटींना दम धरायला पाच वर्षं मिळाली होती. इकडे युरोटनेलने सप्टेंबर १९९५ मध्येच कर्जावरचं व्याज भरणं थांबवलं. २००६ मध्ये दिवाळखोरीपासून संरक्षण मागायची पाळी आली. लाखो छोटे भागधारक, बहुतेक फ्रेंच, आयुष्याची पुंजी घालून बसले होते. २००४ मध्ये त्यांनी बंड करून सगळं संचालक मंडळच बदललं होतं, पण पैसे काही परत आले नाहीत.

२००६ साली रिकार्ड अंगेरा या अभ्यासकाने बोगद्याचा मागे वळून हिशेब मांडला. ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने बोगदा बांधला नसता तर बरं झालं असतं, असा त्याचा निष्कर्ष. ‘तथ्याविरुद्ध’ युक्तिवाद कसा करायचा, म्हणजे जे झालं नाही त्याच्याशी तुलना कशी मांडायची, यासाठी हा लेख जरूर बघा. मात्र तो वाचताना विचारा, की हिशेबात कोण धरलंय आणि किती वर्षांचा? कर्ज देणाऱ्या बँकांचे पैसे बुडाले, पण तिकिटं स्वस्त झाली त्याचा फायदा प्रवाशाला झाला. बोटीने जाणाऱ्यालासुद्धा! बोगद्याचा फायदा बोगद्यात न शिरणाऱ्यांनाही मिळाला, आणि तोटा बोगदा कधीही न बघितलेल्या एखाद्या फ्रेंच पेन्शनराला झाला. ‘बोगदा विरुद्ध बोट’ या चौकटीत हे दोघंही दिसत नाहीत.

दरम्यान दोघांनी कामं वाटून घेतली, कुणी ठरवलं नसताना. लंडनहून पॅरिसला जाणारा माणूस रेल्वेकडे गेला. हॉवरक्राफ्ट २००० साली बंद पडली. फोकस्टन, जिथे बोगद्याचं स्थानक आहे, तिथल्या बंदरातून आता फ्रान्सला बोट जात नाही. पण डोव्हरहून जाणारे ट्रक वाढतच गेले, २००७ च्या सुमाराला वर्षाला वीस लाखांच्या वर. ट्रकवाल्याला बोटीवरचा दीड तास वाया गेला असं वाटत नाही. तो जेवतो, पाठ टेकतो. काही धोकादायक माल बोगद्यात नेताच येत नाही, एलपीजीवर चालणाऱ्या मोटारीही नाहीत. पायी आलेल्या माणसाला शटलमध्ये जागा नाही. जपानच्या सेइकान बोगद्यात तर याहून स्पष्ट दिसतं. १९८८ साली तो सुरू झाला तेव्हा रेल्वेची सरकारी फेरी बंद झाली, पण मोटारी-ट्रकांच्या बोटी त्याच सामुद्रधुनीवर आजही चालतात. तो एकाच देशातला बोगदा, त्यामुळे तुलना बेताने करायची. पण ‘बोट’ ही एक वस्तू नाही, हे तरी त्यातून कळतं.

आणि आता माझा आवडता प्रसंग. २०१२ च्या जानेवारीत सीफ्रान्स ही फ्रेंच बोट कंपनी बंद पडली. तिच्या तीन बोटी कोणी घेतल्या असतील? युरोटनेलने! बोगद्याच्या मालकाने बोटी विकत घेतल्या आणि काम गमावलेल्या खलाशांच्या सहकारी संस्थेला चालवायला दिल्या. ‘मायफेरीलिंक’ नावाने त्या डोव्हर-कॅले धावू लागल्या. ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने २०१३ मध्ये हरकत घेतली : बोगदा आणि बोटी एकाच हातात गेल्या तर खाडीवरची निम्म्याहून जास्त बाजारपेठ एका कंपनीची होईल आणि तिकिटं महागतील. खटले चालले. २०१५ मध्ये सेवा बंद झाली, नोकऱ्या जाणार म्हणून फ्रेंच खलाशांनी कॅले बंदर आणि बोगदा दोन्ही अडवून धरले. बोटींवरचे कामगार, बोगद्याच्या मालकीच्या बोटी वाचवायला, बोगद्याच्या रुळांवर. ‘विरुद्ध’ हा शब्द इथे कुठे बसवायचा, तुम्हीच सांगा.

माझ्या मते या सगळ्या इतिहासात एक धागा सारखा दिसतो, आणि तो यंत्रांचा नाही. बोगदा खोदला जाण्याआधीच त्याची किंमत बोटीवरच्या माणसांकडून वसूल व्हायला लागली होती. १९८८ च्या सुरुवातीला, म्हणजे हेराल्डच्या दुर्घटनेला वर्ष होत असताना, पी अँड ओने डोव्हरच्या खलाशांना सांगितलं की बोगदा येतोय, खर्च कमी करायला हवा, कमी माणसांत जास्त तास काम करा. मोठा संप झाला. कंपनीने संपकऱ्यांना कामावरून काढलं. त्यावेळी समुद्राखाली खोदाई जेमतेम सुरू झाली होती. स्पर्धा प्रत्यक्ष यायच्या सहा वर्षं आधी तिची भीती कामाला लागली होती. वूल्झलींच्या फ्रेंच सैनिकांसारखीच, न आलेली गोष्ट खरा परिणाम करून गेली.

याचाच पुढचा अंक १७ मार्च २०२२ ला झाला. पी अँड ओ फेरीज तोवर दुबईच्या डीपी वर्ल्डच्या मालकीची होती. कंपनीने ७८६ खलाशांना चित्रफितीतून दिलेल्या संदेशावर कामावरून काढलं, त्याच दिवसापासून. बदली माणसं एजन्सीमार्फत आणली. आठवड्याभराने कंपनीच्या प्रमुखांनी संसदीय समितीपुढे कबूल केलं की कामगार संघटनांशी आधी बोलणी करणं कायद्याने बंधनकारक होतं आणि ते जाणूनबुजून टाळलं. नव्या माणसांचा पगार सरासरी ताशी साडेपाच पौंड. तेव्हा ब्रिटनचं किमान वेतन ताशी ८.९१ पौंड होतं. हे चाललं कसं? बोटींची नोंदणी परदेशी, मार्ग आंतरराष्ट्रीय, त्यामुळे तो वेतनाचा कायदा तिथे लागू नव्हता. बोगद्यात काम करणारा माणूस दोन देशांच्या जमिनीखाली असतो आणि कायद्याच्या आत असतो. त्याच ३३ किलोमीटरवर, त्याच प्रवाशांसाठी काम करणारा खलाशी मात्र कायद्याच्या बाहेर तरंगत होता. पुढे २०२३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स दोघांनीही खाडीवरच्या वेतनासाठी कायदे केले.

आणि इथे आपला संबंध येतो. आरएमटी या तिथल्या संघटनेने तेव्हा जाहीरपणे सांगितलं होतं की डोव्हरला आणलेल्या बदली खलाशांमध्ये भारतीय आहेत. पी अँड ओ हे नाव कोकणाला आणि गोव्याला नवं नाही. एकोणिसाव्या शतकापासून या कंपनीच्या मुंबईला येणाऱ्या आगबोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी आणि सलूनमध्ये गोव्याचे लोक असत. सारंग, टंडेल ही आपली नावं त्या बोटींवर हुद्दे म्हणून चालत. आणि तेव्हाही त्यांचा करार वेगळा होता, गोऱ्या खलाशांपेक्षा पगार कितीतरी कमी. एकाच बोटीवर दोन भाव.

तेव्हा तुमचं शीर्षक मोडून पुन्हा बांधू या. ‘बोगदा बरा की बोट?’ याऐवजी : ‘१९८६ ते २०२३ या काळात बोगद्याच्या स्पर्धेमुळे डोव्हर-कॅले मार्गावरच्या बोटींवरील कामाच्या अटी कशा बदलल्या?’ काळ ठरला, जागा ठरली, कोणाबद्दल बोलायचं ते ठरलं. साधनंही दिसायला लागली : शीन अहवाल, स्पर्धा आयोगाचे अहवाल, २०२२ च्या संसदीय समितीपुढच्या साक्षी. ही तिन्ही इंग्रजीत आहेत आणि पुण्यात बसून वाचता येतात. चौथं साधन मात्र कुठल्याही संकेतस्थळावर नाही. दापोली, गुहागर, राजापूरच्या गावांत सीडीसी बाळगून असलेली, बोटीवरून सुट्टीला घरी आलेली माणसं आहेत. त्यातल्या कुणी परदेशी फेरीबोटींवर एजन्सीचं काम केलं असेल, तर करार कोणाच्या सहीचा होता, पगार कुठल्या देशातून यायचा आणि सलग किती महिने काम असायचं, हे ती मराठीत सांगतील. प्रश्नावली घेऊन जाऊ नका. आधी नुसतं बसा, चहा घ्या, आणि सुट्टी कधी संपते ते विचारून ठेवा, कारण पुढची भेट त्यावर ठरेल.